"कुठं निघालात?" – "आकी नोमास!"

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका आजोबांचं पत्र आलं होतं. मुलाकडे परदेशात हिवाळा काढून आलेले, चार महिने खिडकीतून बाहेर बघत बसलो, सोन्याचा पिंजरा आहे तो, म्हाताऱ्या माणसांनी थंडीत मुलांकडे जाऊच नये असं त्यांनी लिहिलं होतं. ते वाचून मला रात्री झोप लागेना, कारण त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, मी स्वतः पहिले तीन आठवडे अगदी तसेच काढलेत. पण नंतर माझं चित्र पालटलं आणि ते कसं पालटलं हे त्या आजोबांना सांगावंसं वाटतंय. त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही म्हणून तुम्हालाच लिहितेय. फोनवर टाईप करतेय त्यामुळं चुका असतील, त्या सुधारून घ्या.

आम्ही दोघं कऱ्हाडचे. मी हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायचे, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. लेक नैसर्गिक रंगांवर काम करते, म्हणजे झाडपाला, मुळं, किडे यांपासून लोकर रंगवतात ते रंग, आणि त्यापायी ती, जावई आणि सात वर्षांची नात दोन वर्षांपासून मेक्सिकोत राहतात, तेही शहरात नाही, वाहाका राज्यातल्या तेओतित्लान देल बाये नावाच्या विणकरांच्या गावात. वाहाका शहरापासून साधारण तीस किलोमीटर. हमरस्त्यावर शेअर टॅक्सीतून उतरायचं आणि तिथून गावात जायला रिक्षा, आणि ती रिक्षा बघून आमचे हे जे काही खूश झाले, कारण ती बजाजची, आपल्याकडचीच! इथं तिला मोटोटॅक्सी म्हणतात. बाकी काही कळत नव्हतं पण तो फटफट आवाज ओळखीचा होता.

दिवाळी करून निघालो, नोव्हेंबरच्या मध्याला पोचलो. आणि पोचल्या दिवसापासून थंडी. मला वाटलं होतं मेक्सिको म्हणजे वाळवंट, निवडुंग, उन्हाचा देश, मी स्वेटर एकच घेतलेला. पण हे गाव जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे, रात्री पारा आठ-दहावर येतो, घराला हीटर वगैरे काही नाही, मातीच्या कच्च्या विटांच्या जाड भिंती, वर कौलं, खाली फरशी, आणि फरशी सकाळी अशी गार की पाय ठेववत नाही. दुपारी मात्र पंचवीस-सव्वीस डिग्री कडक ऊन. म्हणजे सकाळी शाल, दुपारी सुती साडी, संध्याकाळी परत शाल, त्यात हवा कोरडी, ओठ फुटलेले, जरा चढ चढलं की धाप. भारताच्या साडेअकरा तास मागे असल्यामुळं आपली झोपायची वेळ म्हणजे त्यांची सकाळ, बहिणीला फोन करायचा तर ती पेंगुळलेली. लेक-जावई कामाला, नात शाळेत, आणि आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून उन्हाच्या मागं मागं खुर्च्या सरकवत बसायचो. त्या आजोबांची खिडकी तशी आमची ती खुर्ची. ह्यांचे गुडघे दुखतात त्यामुळं तेही बाहेर पडायला तयार नाहीत. मी दोनदा लपून रडले, हे लेकीला अजून माहीत नाही, हे पत्र वाचून कळेल.

मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी शेजारची बाई दारात आली. सत्तरीची असेल, दोन वेण्या, त्यात रिबिनी गुंफून डोक्याभोवती गुंडाळलेल्या, खांद्यावर शाल. इथं वयस्कर बाईला मान देऊन सगळे तिआ म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच मावशी-काकू, म्हणून मीही तिआच म्हणते. तिच्या हातात बादली होती आणि तिनं मला खुणेनं सांगितलं, चल. कुठं ते कळेना पण मी चपला घालून निघाले. बादलीत काय तर रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवलेला मका, आणि आम्ही चाललो होतो गिरणीत! अहो, दळणाला! सकाळी साडेसहाला अर्ध्या गावातल्या बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या, ओला मका दळला जातोय, पिठाचा गरम वास, आणि गप्पा चाललेल्या झापोतेक भाषेत, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या बोलीत. मला स्पॅनिशच येत नाही तिथं झापोतेक काय कळणार, पण कोणाची सून काय म्हणाली असल्याच गप्पा त्या, सुरावरून कळत होतं. संपादक महोदय, मी कऱ्हाडला लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्यांदा बाहेर कुठं पाठवलं असेल तर दळणाला. त्या रांगेत उभी राहिले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी कुठंतरी आलेय.

तिथून चालणं सुरू झालं. पहिले काही दिवस नुसतं गिरणी आणि परत. मग चर्चपर्यंत. या चर्चच्या भिंतीत जुन्या झापोतेक देवळाचे कोरीव दगड बसवलेले दिसतात, स्पॅनिश लोकांनी देऊळ पाडून त्याच दगडांनी चर्च बांधलं, आणि लोक आजही येता-जाता त्या दगडांवरून हात फिरवतात. मग गावाबाहेर, नदीच्या कोरड्या पात्राकडेनं, शेतांच्या बांधांवरून, वर धरणापर्यंत. आता रोज सकाळी दीड-दोन तास.

आणि या बांधांवरच मला ते कळलं ज्यासाठी खरं तर मी हे पत्र लिहितेय. मी तीस वर्षं वनस्पती शिकवल्या, पण इथल्या वाटेवर मी एकेक झाड बघून थांबत होते, कारण ती सगळी ओळखीची! बांधावर घायपात. आपल्याकडे पूर्वी शेताच्या कडेला लावायचे, त्याचे दोर करायचे, तेच. इथं त्याची शेतंच्या शेतं, कारण त्याचा गड्डा जमिनीतल्या भट्टीत भाजून मेस्काल नावाची दारू करतात. रोप लावल्यावर सहा-आठ वर्षं थांबावं लागतं तेव्हा कुठं एकदा काढणी. घायपाताच्या पुढं फड्या निवडुंग, त्याच्या पानांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, ती बुरशी नसून किडे असतात आणि ते चिरडले की रक्तासारखा लाल रंग येतो. माझी लेक ज्या रंगावर काम करते तो हाच, कोचिनील. एकेकाळी स्पॅनिश लोक इथून चांदीच्या खालोखाल याचाच व्यापार करायचे. मग सुबाभूळ. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकात जनावरांना चारा म्हणून सुबाभूळ लावा सुबाभूळ लावा असं किती सांगितलं गेलं आठवतं का? ती इथली. इथं तिच्या जातीच्या झाडांना ग्वाखे म्हणतात, शेंगांतल्या बिया माणसं कच्च्या खातात, आणि वाहाका हे नावच मुळात या झाडावरून पडलंय, जुन्या नाउआत्ल भाषेत त्याचा अर्थ ग्वाखेच्या झाडांचं नाक, म्हणजे ती झाडं असलेलं टोक. आम्ही ज्या झाडाला शेळ्यांचा चारा समजत होतो त्याच्या नावाचं आख्खं राज्य!

विलायती चिंच म्हणजे ती गोल गोल वळलेली गुलाबी शेंग, शाळेच्या फाटकाबाहेर म्हातारी विकायला बसायची, ती इथली. तिला इथं ग्वामूचिल म्हणतात. देवळातला पांढरा चाफा इथला. निशिगंध इथला, झेंडू इथला. आम्ही आलो तेव्हा दफनभूमीत झेंडूचे वाळके ढीग पडलेले होते, कारण १ आणि २ नोव्हेंबरला इथं पितर घरी येतात आणि त्यांना वाट दिसावी म्हणून दारापासून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. दसऱ्याला ज्या फुलाशिवाय आपलं तोरण होत नाही ते फूल इथं मेलेल्यांना वाट दाखवतं. मी त्या वाळक्या फुलांच्या मूठभर बिया पुडीत बांधून ठेवल्यात, का ते माहीत नाही. विमानातून बिया नेता येत नाहीत म्हणे, मग इथल्याच अंगणात लावीन.

आणि उपास! त्लाकोलूला नावाच्या जवळच्या गावी रविवारचा आठवडी बाजार भरतो, शेकडो वर्षं चालत आलेला. तिथं मी एका बाईच्या टोपलीत राजगिऱ्याची वडी बघितली. आलेग्रिया म्हणतात तिला, म्हणजे आनंद. चव घेतली तर सेम. आणि राजगिरा मूळचा याच भागातला. मग मी परत येताना हिशोब करत आले, आपल्या एकादशीच्या ताटात काय काय असतं, राजगिरा, रताळं, बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, हिरवी मिरची, हे सगळंच्या सगळं अमेरिका खंडांतून आलेलं, चारपाचशे वर्षांपूर्वी यातलं आपल्याकडे काही नव्हतं. मग त्याआधी आपले लोक उपासाला खायचे तरी काय, भगर आणि फळं? ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, उपासाला उपास करत असतील. मला मात्र हा प्रश्न अजून सोडत नाही, जाणकार वाचकांनी लिहावं.

जाता जाता, उलटही झालंय बरं का. चिंच आणि आंबा आपल्या बाजूनं इकडं आले. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत इथं पाण्यासारखं पितात, त्याला आग्वा दे खामाइका म्हणतात, आणि आपण ती बोंडं बऱ्याचदा तशीच वाळू देतो.

मक्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथून जवळच मित्ला गावापाशी डोंगरात गिला नाकित्स नावाची गुहा आहे, तिथं सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या, माणसानं लावलेल्या भोपळ्याच्या बिया आणि सहा हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसं सापडली. एवढीशी कणसं, करंगळीपेक्षा लहान. या भागातल्या गुहा आता जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आणि आजही शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्रच लावतात, मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, खाली भोपळ्याची पानं जमीन झाकतात. आता हिवाळ्यात शेतं रिकामी आहेत, नुसती वाळलेली ताटं उभी आहेत, पण तिआनं मला तिच्या माळ्यावरची पिवळी, पांढरी, निळी-काळी, लाल कणसं दाखवली, बियाणं बाहेरून घेत नाही असं अभिमानानं सांगितलं. तेव्हा मला आपले पांडुरंग खानखोजे आठवले. वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांपासून पळत पळत १९२४ साली मेक्सिकोत आले आणि चापिंगोच्या सरकारी शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या जातींवर काम केलं, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकारानं त्यांना मेक्सिको शहरातल्या भित्तिचित्रात काढलंय, भाकरी वाटताना. १९६७ मध्ये नागपुरात वारले. मी शाळेत तीस वर्षं होते, एकाही धड्यात त्यांचं नाव आलं नाही. तुमच्या पुरवणीत त्यांच्यावर एक मोठा लेख करा, ही माझी अगदी मनापासूनची मागणी आहे.

आता चालण्याच्या रीतीबद्दल, कारण नुसतं चाला म्हणून सांगणं सोपं असतं. पहिल्या आठवड्यात समोरून येणारा प्रत्येक माणूस मला अदिओस म्हणून जायचा. मला एवढं माहीत होतं की अदिओस म्हणजे निरोप. वाटायचं, मी आले नाही तोवर हे मला जा का म्हणतायत? लेकीनं सांगितलं की गावाकडे वाटेत न थांबता जाताना अदिओसच म्हणतात, तो नमस्कारच. थांबलं तर बुएनोस दिआस, दुपारनंतर बुएनास तार्देस. आणि म्हणायचंच. न बोलता गेलेला माणूस उद्धट, मग तो कितीही मोठा असो. दुसरं म्हणजे सगळे विचारतात, कुठं निघालात? आधी मला राग यायचा, तुम्हाला काय करायचंय. मग एकदम लक्षात आलं की माझ्या माहेरी पाटण तालुक्यातल्या वाडीत आजही पारावरची माणसं हेच विचारतात आणि त्यांना उत्तर नकोच असतं, तुम्ही दिसलात एवढंच सांगायचं असतं. आपण म्हणतो, इथंच जरा. तर इथलं उत्तर काय माहितीय? आकी नोमास. म्हणजे इथंच, जवळच! शब्दाला शब्द. माझं स्पॅनिश तिथून सुरू झालं, आता सत्तर-ऐंशी शब्द येतात, पण हे दोन शब्द बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडले.

एकदा मात्र चूक झाली. धरणाच्या वरच्या अंगाला एक पायवाट दिसली, मी एकटीच पुढं गेले आणि एक गृहस्थ शेतातून हातवारे करत आले, मला थांबवलं. मी घाबरले. लेकीला फोन लावून दिला तेव्हा कळलं की ती जमीन गावाच्या मालकीची आहे, कोणा एकाची नाही, परका माणूस वर चालला की गावातला कोणीही त्याला विचारू शकतो, विचारायलाच पाहिजे. इथं गावाचा कारभार गावसभा चालवते, प्रत्येक घरानं पाळीपाळीनं बिनपगारी काम करायचं, रस्ता, पाट, चर्च, पहारा, त्या सामुदायिक कामाला तेकिओ म्हणतात. आपल्याकडची गावकी आणि श्रमदान डोळ्यासमोर आणा. त्यांनी माझी चौकशी केली आणि मग स्वतः अर्धा तास माझ्याबरोबर चालून मला वरची वाट दाखवली, वाटेत एका झाडाचा डिंक काढून हातावर दिला. कोपाल. आपल्या गुग्गुळाच्या कुळातला, इथं प्रत्येक देव्हाऱ्यात त्याचा धूप जळतो. तो वास माझ्या शालीला अजून आहे. तेव्हापासून मी नवीन वाटेला जायच्या आधी विचारते.

तुम्ही म्हणाल मेक्सिको आणि ही बाई एकटी कशी फिरते. पेपरात मेक्सिको येतो तो ड्रग्जच्या टोळ्यांमुळं आणि अमेरिकेच्या भिंतीमुळं. त्या बातम्या खऱ्या आहेत, काही राज्यांत लोक फार भोगतायत आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही. म्हणून मी नियम केलेत, अंधार पडायच्या आत घरी, निघताना तिआला सांगून जायचं, गावातले जातात तिथंच जायचं. पण एवढ्या मोठ्या देशाचं फक्त तेवढंच छापून येतं याचं मला वाईट वाटतं, हे तुम्हाला थेट सांगते, रागावू नका.

बाकी कुत्री. कुत्री आहेत आणि भुंकतात. खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं, पळतात. हे अगदी कऱ्हाडसारखंच चालतं. हातात काठी ठेवायची. बूट बंद घ्यायचे, कारण काटे फार. पाणी जवळ ठेवायचं, उंचीमुळं तहान कळत नाही. बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारून यायचं. शाकाहारी असाल तर घेवड्याची उसळ घेताना मांतेका आहे का विचारायचं, म्हणजे डुकराची चरबी, नाहीतर पंचाईत. आम्ही बहुतेक घरीच करतो, मक्याची भाकरी, भोपळ्याची फुलं, निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी जी मला भेंडीसारखी लागते.

हिवाळ्यात इथं काय बघायचं असतं असं हे विचारायचे, सगळं तर वाळलेलं. खरंय, पाऊस मे ते ऑक्टोबर, नंतर डोंगर पिवळे, थेट आपल्यासारखे. नकाशात बघा, कऱ्हाड साधारण सतराव्या अक्षांशावर आणि हे गावही सतराव्याच, त्यामुळं डिसेंबरचं ऊन आमच्या घरच्या अंगणात जसं तिरपं येतं तसंच इथं येतं, दिवसही तेवढाच लहान. पण त्या पिवळ्या डोंगरावर एक झाड असतं कासावाते नावाचं, अंगावर पान एकही नाही आणि सगळीकडे पांढरी शुभ्र फुलं, नदीकाठच्या आपल्या बेशरमाच्या फुलासारखी, त्याच कुळातलं, फक्त हे चांगलं झाड होतं. लांबून बघितलं तर झाडावर बगळे बसलेत असं वाटतं. आणि पक्षी. उत्तरेकडे बर्फ पडला की तिकडचे छोटे पक्षी इथं येतात, आपल्याकडे धोबी पक्षी येतात तसे. धरणावर बदकं. आणि एक लालभडक चिमणा पक्षी, तारेवर बसून माशा पकडतो, तो दिसला की मला दिवसभर बरं वाटतं.

ह्यांचं काय झालं ते सांगते. ह्यांनी जानेवारीत पहिल्यांदा काठी घेतली. त्याचं कारण नातीनं केलं. या गावात एक पद्धत आहे, जुनं वर्ष संपताना आणि नवं सुरू होताना सगळे गावाबाहेरच्या एका लहानशा गुहेपाशी जातात, ला कुएबिता म्हणतात तिला. तिथं मेणबत्त्या, धूप, फुलं, आणि मग आजूबाजूच्या माळावर प्रत्येक कुटुंब खाली बसतं आणि दगड, काटक्या, शेवाळं जमवून छोटंसं घर बांधतं. नव्या वर्षात जे हवं ते मातीत करून ठेवायचं, कोणाला घर हवं, कोणाला गाईगुरं, कोणाला दुकान, सगळा माळ असल्या इवल्याशा घरांनी भरून जातो. नात म्हणाली, आजी, हा तर किल्ला! आणि खरंच, दिवाळीत आपली पोरं अंगणात करतात तेच. मग काय, आम्ही तिघांनी बसून चांगला बुरूज-तटबंदीचा किल्ला केला, शेवाळाचं रान केलं, पायऱ्या केल्या, मावळे नव्हते म्हणून बारीक खडे ठेवले. हे खाली बसायला तयार नव्हते, तेही बसले. शेजारचं कुटुंब बघायला आलं, त्यांना वाटलं आम्ही एवढा मोठा वाडा मागतोय. लेकीनं सांगितलं की आमच्याकडे एक राजा होता आणि त्यानं डोंगरावर असे किल्ले बांधले, मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, ठीक आहे, पण तुम्ही मागितलं काय? त्यावर ह्यांनी किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर वाटेवर दोन खडे ठेवले, शेजारी शेजारी. काही बोलले नाहीत. परतीला रिक्षा होती, म्हणाले, चालू थोडं. अर्धा किलोमीटर चालले. आता रोज चर्चपर्यंत येतात, तिथं उन्हात बसतात, मी पुढं जाऊन येते.

संक्रांतीला तीळ बाजारात मिळाले, इथं मोले नावाच्या मसाल्याच्या रश्श्यात तीळ घालतात, आणि उसाचा गूळ मिळतो ढेपेचा, त्याला पानेला म्हणतात. तिळगूळ करून गल्लीत वाटला. तिआनं बदल्यात एक टोपली पेरू पाठवले. इथं कोणी काही दिलं की ते परत करायचंच असतं, लग्नाकार्यात किती कोंबड्या, किती चॉकलेट कोणाकडून आलं याच्या वह्या घरोघरी लिहून ठेवतात, पिढ्यान्पिढ्या फेड चालते. आहेराच्या वहीचीच गोष्ट झाली. त्या पेरूंची फेड मी अजून केलेली नाही, काय करावं कळत नाही.

मागच्या आठवड्यात जावयानं आम्हाला वर सिएरामध्ये नेलं. गावाच्या मागचाच डोंगर, पण दीड-दोन तासांत निवडुंगाच्या जागी पाईन आणि ओकची झाडं लागतात, फांद्यांवरून राखाडी शेवाळ्यासारख्या दाढ्या लोंबतात. तिथली आठ गावं मिळून जंगल सांभाळतात आणि पायवाटा चालवतात, वाटाड्या गावातलाच घ्यावा लागतो. क्वाखिमोलोयास नावाचं गाव तर तीन हजार मीटरच्या वर, सकाळी गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं. एवढ्या उंचीवर मी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिले. खाली सगळं खोरं दिसत होतं आणि आमच्या वाटाड्यानं बोट करून आमचं गाव दाखवलं, आणि मी ह्यांना म्हटलं, ते बघा आपलं घर. तोंडातून आलं. नंतर लक्षात आलं.

त्या आजोबांना कळवा की ते जिथं गेले होते तिथं बर्फ असेल, माझ्यासारखं ऊन नसेल, हे मला मान्य आहे, आणि मला मिळाली तशी तिआ सगळ्यांना मिळत नाही हेही मान्य. पण पुढच्या वेळी मुलाकडे गेले तर पहिल्याच आठवड्यात एकदा तरी त्यांनी गावातली माणसं सकाळी कुठं जातात ते बघावं आणि त्यांच्या मागं जावं. भाषा नंतर येते. आणि मुलांनाही सांगते, आईवडिलांना फिरायला न्या म्हणजे रविवारी गाडीत घालून मॉल दाखवा असं नव्हे, घरापासून पायी जाता येईल अशी एक वाट त्यांना पहिल्या दोन दिवसांत दाखवून द्या, परत कसं यायचं ते दाखवा, आणि मग त्यांना एकटं जाऊ द्या. माझ्या लेकीनं काळजीपोटी ते केलं नाही, तीन आठवडे गेले.

एक काम वाचकांकडे. मी या वाटेवरच्या झाडांची यादी करतेय, इथलं झापोतेक नाव तिआ सांगते, स्पॅनिश नाव लेक लिहिते, मराठी नाव मी. नातीला द्यायची आहे. सध्या वाटेवर एक बाभळीसारखं काटेरी झुडूप फुललंय, पिवळे गोल गेंद, वास असा गोड की लांबूनच कळतं, इथं त्याला विसाचे म्हणतात. आमच्याकडे त्याला देवबाभूळ म्हणतात. पण ह्यांच्या आजोळी, माणदेशात, त्याला दुसरंच नाव होतं आणि ते ह्यांना काही केल्या आठवत नाही, चार दिवस झाले. माण-खटाव-आटपाडीकडच्या कोणा वाचकाला माहीत असेल तर कृपया कळवावं. आम्ही मार्चअखेरपर्यंत इथं आहोत.

आपली एक वाचक,
कऱ्हाड (सध्या मुक्काम तेओतित्लान देल बाये, वाहाका, मेक्सिको)